मोठ्या साइजचं मिग-21 घरी बनवाचं हाये, उडवता येईन काय? खेड्यात राहून कोणी केलं असन तं सांगा

पूर्णाकाठ (दर्यापूर तालुका)

राम राम मंडळी. मी इथं वाचतो रोज पण लिहून पहिल्यांदाच राह्यलो. आमचं गाव पूर्णेच्या काठी, बारा एकर कोरडवाहू हाये, कपाशी, तूर, हरभरा. विमानाचं याड लहानपणापासूनचं. माहे मोठे काका एअरफोर्समधी एअरफ्रेम फिटर होते, म्हणजे विमानाचा सांगाडा अन् पत्रा सांभाळणारे, सुट्टीवर आले का रातच्याले अंगणात बाज टाकून सांगत का मिग असा उभा राहते, चाक असं फिरून आत जाते, अन् मी ऐकता ऐकता झोपून जाओ. आसामच्या तेजपूरले लय वर्ष होते ते, मंग बंगालच्या कलाईकुंडाले. आता अडुसष्टचे हायेत, गुडघे दुखतेत, पण मेंदू एकदम टकाटक.

26 सप्टेंबर 2025 ले चंदीगडले मिग-21 चा निरोप झाला तो आम्ही घरी टीव्हीवर पाह्यला. काका काहीच बोलले नाही. कार्यक्रम संपला तसे उठून गोठ्यात गेले अन् अर्ध्या तासानं आले. तवापासून माह्या डोक्यात बसलं हाये का त्याइच्यासाठी एक मिग बनवाचाच, अन् लहान नाही, चांगला मोठा, 1/4 स्केलचा, म्हणजे खऱ्याच्या चौथ्या हिश्श्याचं मॉडेल. खऱ्याचे पंख 7.15 मीटर हायेत म्हणजे आपले पावणेदोन मीटरच्या वर थोडेसे, अन् लांबी त्याच्या दुपटीच्या आसपास जाते.

माहा अनुभव म्हणाल तं थर्माकोलचे दोन ग्लायडर केले अन् फोमचा एक ट्रेनर, 1.4 मीटर पंखाचा, तो मी गावाबाहेरच्या गायरानात दोन वर्षापासून उडवून राह्यलो, उतरवता येते बरोबर. कापसाचे पैसे आले का साठ हजारापर्यंत लावू शकतो, त्याच्या वर नाही. आता इचाराचं असं का 1/4 मिग उडन काय? मॉडेलचं हलकं लाकूड, बाल्सा, एवढं महाग हाये तं त्याच्या जागी आपल्या इकडचं सावरीचं लाकूड चालन काय? इंजिन कोणतं टाकू? अन् एवढं मोठं धूड उडवाले जागा कशी पायजे? 8 ऑक्टोबरले वायुसेना दिन असते, तोपर्यंत झालं तं काकाले त्या दिवशी दाखवाचं मनात हाये.


सातपुडा_लेथ (परतवाडा)

भाऊ तुह्या पोस्टनं मन भरून आलं, म्हून लगेच लिहून राह्यलो. माहा लेथचा धंदा हाये अन् पाच वर्षापासून मोठे विमानं बनवतो, आता दुसरं हरिकेन चालू हाये, दुसऱ्या महायुद्धातलं इंग्रजी लढाऊ विमान, 1/5 स्केल.

पह्यले वजनाचं समजून घे, बाकी सगळं मंग. साइज दुप्पट केली का पंखाचं क्षेत्रफळ चारपट होते पण वजन आठपट होते, म्हून मोठ्या मॉडेलमधी प्रत्येक फळी, प्रत्येक खिळा, गोंदाचा प्रत्येक थेंब वजन करून लावा लागते. मी तं काट्यावर मोजल्याबिगर काहीच चिकटवत नाही. सावर आपल्याकडं भेटते, पांगरा बी भेटते, सुताराले सांगितलं तं पट्ट्या बी काढून देते, पण सावर बाल्सापेक्षा दुप्पट-अडीचपट जड पडते. उडवाच्या विमानात पंखाच्या पुढच्या धारेले, टोकाले, जिथं मार बसते तिथं सावर लावाची, रिब, म्हणजे पंखाच्या अन् शेपटीच्या आतल्या आडव्या पट्ट्या, सगळ्या सावरीच्या केल्या तं शेपटी जड होते, अन् शेपटी जड झाली का नाकात शिसं भरा लागते, म्हणजे वजनावर वजन. मी पह्यल्या हरिकेनमधी हेच केलं होतं. साडेतेरा किलो भरलं. उडालं खरं, पण वळणावर स्पीड कमी झाला अन् एका पंखावर पडलं ते सरळ तुरीत. इंजिन सोडून काहीच वाचलं नाही.

दुसऱ्या वेळी मंग पद्धत बदलली. पंखाचा गाभा थर्माकोलचा, नायक्रोम तारेनं कापलेला, त्याच्यावर पातळ प्लाय, अन् धडाले प्लायचे फॉर्मर, म्हणजे आकार देणाऱ्या आडव्या चौकटी, त्याइच्यावरून बांबूच्या कामट्या. कामट्या मी आमच्या इकडच्या बुरुडकाकाकडून काढून घेतो, मेळघाटच्या बांबूच्या, तीन मिलिमीटरच्या, आठ फूट लांब, अन् या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या. मशीनवर तशी कामटी निघत नाही, मी करून पाह्यलं, रेषा तुटतेत. त्याइच्या हातात बांबू आपल्या रेषेनंच फाकते. बांबू मातर दिवाळीनंतर तोडलेला घ्या, अन् पंधरा-वीस दिवस वाहत्या पाण्यात बुडवून मंग वाळवा, नाही तं वर्षभरात भुंगा लागून पीठ पडते.

इंजिन म्हणशीन तं मी गवत कापाच्या मशीनचं 52 सीसी टू-स्ट्रोक वापरतो, जुनं घेतलेलं. क्लच काढला, दोरीचा स्टार्टर काढला, मॅग्नेटोचं चाक ठेवलं पण त्याच्यावरच्या पंख्याच्या पात्या लेथवर उडवल्या, कारण पुढं प्रोपेलर असल्यावर हवा तशीच भेटते सिलिंडरले. प्रोपेलरचा हब मी स्वतः वळला. हा हब एकदम मध्यावर पायजे, जराक बी बाहेर गेला तं सगळं विमान थरथरते अन् नटबोल्ट ढिले होतेत. अन् एक गोष्ट हात जोडून सांगतो, चालू इंजिनच्या पुढं अन् बाजूले कोणालेच उभं राहू देऊ नको, मांगूनच हात लावाचा. लाकडी पातं बी बोट तोडून नेते.

म्हून माहं मत असं का पह्यलं मोठं विमान मिग करू नको, हरिकेन कर. पंख खऱ्याचे 40 फूट, म्हणजे 1/5 ले बरोबर 8 फूट येतेत, हिशेब सोपा. जाड पंख, म्हून हळू उडते. मागचं अर्ध धड खऱ्याचंच कापडाचं होतं, लाकडी पट्ट्यावर ताणलेलं, म्हून आपल्याले बी तसंच करता येते अन् ते खरं बी दिसते. अन् सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चाकं. त्याच काळचं दुसरं इंग्रजी विमान स्पिटफायर, त्याची चाकं बाहेरच्या बाजूले दुमडत, म्हून उभं राहताना जवळ जवळ, ढेकळावर लडखडते. हरिकेनची आतल्या बाजूले दुमडत म्हून फाकलेली, आपल्या बरडीवर सुद्धा सरळ धावते. अन् ते आपल्याच हवाईदलानं ब्रह्मदेशच्या लढाईत उडवलेलं विमान हाये. त्या वेळच्या रंगात त्याच्या पंखा-धडावरच्या गोल निशाणीत लाल रंगच नसते, जपान्याइच्या लाल गोळ्यासारखा दिसू नये म्हून काढून टाकला होता, नुसता निळा अन् फिका निळा. माह्यावाल्यावर तसाच केला हाये.


नागपूर_जेट

मी परतवाड्याच्या दादांशी थोडा असहमत आहे, मिग उडत नाही असं नाही. माझ्याकडे 1/8 चा फोमचा मिग-21 आहे, पंख 90 सेंटिमीटरच्या आसपास, 90 मिमीचा इलेक्ट्रिक फॅन, आठ सेलची बॅटरी, आणि तो मस्त उडते. पण तो उडवणं आणि 1/4 चा उडवणं यात किती फरक आहे ते मी सांगतो, कारण मी पण तेच स्वप्न पाहिलं होतं.

एक तर मिगचं हवा घ्यायचं तोंड नाकात, तेही मधे शंकू असल्यामुळे अरुंद. फॅन असतो मागे. एवढ्या लांब नळीतून हवा ओढताना जोर कमी होते, म्हणून बहुतेक जण पोटाखाली चोरून भोकं पाडतात. तुझ्या काकांना ती भोकं पहिल्या मिनिटात दिसतील. दुसरं, त्रिकोणी पंख. नाक वर करून हळू येताना हे पंख भयंकर ओढ देतात, थ्रॉटल थोडा लवकर काढला की विमान दगडासारखं खाली बसते. उतरताना शेवटपर्यंत पॉवर ठेवावी लागते आणि स्पीड जास्त, म्हणजे लांब, सपाट, पक्की पट्टी पाहिजे. 1/4 ला दीडशे-दोनशे मीटर डांबर नसेल तर मी सुरूच करणार नाही. आणि दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा, काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात चाक रुतणार. बारकी चाकं आणि पातळ पाय त्या मातीत टिकणार नाही. 1/4 ला लागणारं टर्बाइन, त्याचं रॉकेल, बॅटऱ्या, हे साठ हजारात बसतच नाही, कितीही जुळवाजुळव केली तरी.

अजून एक जे आपल्याकडे उन्हाळ्यात सगळे विसरतात. 45 डिग्रीला हवा विरळ होते, थंडीतल्या 15 डिग्रीच्या मानाने जवळजवळ दहा टक्के, त्यात आपण समुद्रापासून तीनशे मीटर वर, म्हणजे अजून तीनेक टक्के गेले. पंखाचं उचलणं तेवढं कमी, प्रोपेलरचा जोर कमी, इंजिनचाही कमी. जानेवारीत पन्नास पावलात उचलणारं विमान मे महिन्यात त्याच जागी उचलत नाही आणि माणूस घाबरून नाक वर करायला एलिव्हेटर (शेपटीची आडवी फळी) ओढते, तिथेच पडते. मी मेमध्ये सकाळी सातच्या आत उडवतो, नाहीतर काढतच नाही. बॅटऱ्या गाडीत ठेवून चहाला जाऊ नका, फुगतात आणि पेटतात.

2022 मध्ये नागपूरच्या वायुसेना नगरला एअर फेस्ट झाला होता तेव्हा वायुसेनेच्या सूर्यकिरण टीमच्या कसरती पाहायला मी दोन्ही पोरींना घेऊन गेलो होतो, तिथे मॉडेल विमानांचंही प्रात्यक्षिक होतं. तुझ्या काकांना असा पुढचा कार्यक्रम झाला की नक्की आण, मी इथून सोबत येईन, गाडीची काळजी करू नको.


वैनगंगा_विज्ञान (भंडारा जिल्हा)

नमस्कार दादा. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्ट्यांमधे मुलांकडून ग्लायडर बनवून घेते, तुमच्याएवढं मोठं मी केलं नाही पण नियमाचं आणि एका विमानाचं सांगावंसं वाटलं.

आधी नियम. ड्रोन नियम 2021 मधे आपली मॉडेल विमानं पण येतात, फक्त चार पंख्यांचे ड्रोन नाही. 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, 2 किलोपर्यंत मायक्रो, त्यावर 25 किलोपर्यंत स्मॉल. शिकण्यासाठी किंवा छंदासाठी, 25 किलोच्या आत, आणि डोळ्याला दिसेल तेवढ्याच अंतरात उडवलं तर ते मॉडेल या प्रकारात धरतात आणि त्याला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या डिझाइनची सरकारी मंजुरी, लागत नाही. पण सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनच्या वेबसाइटवरच्या नकाशावर आपलं शेत कोणत्या झोनमधे येते ते पाहणं आपल्यावरच आहे, ग्रीन झोनमधे 400 फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. अमरावतीला बेलोऱ्याचं विमानतळ 2025 पासून सुरू झालं आहे, तेव्हा जुना नकाशा पाहून बसू नका. मी तर सरपंचांना आणि पोलीस पाटलांना पण आधी सांगून ठेवते, गर्दी होते आणि गर्दीला धरून ठेवायला माणूस लागतो.

आता विमान. उडवायचंच असेल तर एचटी-2 चा विचार कराच. आपल्या देशात डिझाइन झालेलं ट्रेनर विमान, बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमधे डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या हाताखाली तयार झालं, 1951 मधे पहिल्यांदा उडालं. घाटगे आपले मराठी माणूस, जर्मनीत गॉटिंगेनला प्रांट्ल यांच्याकडे शिकलेले. ज्यांच्या नावाने पंखाला लागून वाहणाऱ्या हवेच्या थराचा सिद्धांत पुस्तकात असते तेच प्रांट्ल. पुढे किरण नावाचं जेट ट्रेनरही घाटग्यांच्याच देखरेखीखाली झालं. मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे कसे होतात ते पाहण्यासारखं असते, कारण विमान म्हटलं की त्यांना वाटते ते बाहेरूनच येते.

आणि एचटी-2 बनवायला सोपं. पंख खाली, चाकं आत जातच नाहीत, म्हणजे तो सगळा खर्च आणि भानगड वाचली. एकामागे एक दोन सीट. पंख 10.72 मीटर, म्हणजे 1/5 ला 2.14 मीटर. वायुसेनेचे कितीतरी वैमानिक पहिल्यांदा यावरच आकाशात गेले. मला मोठ्या मॉडेलमधे हे विमान कोणाकडे दिसतच नाही आणि त्याचं वाईट वाटते.


पूर्णाकाठ

सगळ्याइचे लय उपकार. काल रातभर वाचून राह्यलो. जेटवाल्या दादाचं भोकाचं पटलं, काका ते पाह्यतीनच, अन् दुसऱ्याले दाखवतीन सुद्धा. आमच्याकडं दीडशे मीटर डांबर म्हणजे फक्त दर्यापूरचा रोड हाये.

मंग असं करू काय, मिग उभाच ठेवाचा, न उडवता, पण 1/4 चाच, अन् एकदम खऱ्यासारखा? उडवाले नंतर एचटी-2 किंवा हरिकेन. उभाच ठेवाचा तं वजनाची कटकट नाही म्हून सावर, बांबू सगळं चालन ना? चमकदार चांदी रंगाचा स्प्रे मारतो, काका सांगतेत त्याइच्या टायमाचे चांदीसारखे होते. प्लॅन मी मोबाइलवर भेटलेला तीन बाजूचा काढला हाये, फ्लेक्सवाल्याकडून पूर्ण साइजमधी छापून घेतो.


ओझर_निवृत्त (नाशिक)

स्प्रे मारू नका. थांबा जरा, सगळं नीट सांगतो.

मी ओझरच्या विमान कारखान्यात एअरफ्रेमच्या कामाला होतो, मिग-21 तिथेच बनत, 1964 साली ती जागा त्यासाठीच उभी राहिली. आयुष्य त्या पत्र्यात गेलं म्हणून तुमचा धागा वाचून झोप आली नाही. तुम्ही नुसतं मिग-21 म्हणता, पण कोणतं? काका तेजपूर आणि कलाईकुंड्याला होते म्हणजे माझा अंदाज टाइप 77, म्हणजे मिग-21 एफएल. ते आणि शेवटी चंदीगडला निरोप घेतलेलं बायसन ही लांबून एक दिसतात, पण हात लावलेल्या माणसाला दोन वेगळी विमानं आहेत. बायसन मूळ बिस, त्याला आम्ही टाइप 75 म्हणायचो, त्याच्या कॅनोपीच्या, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेच्या, मागची पाठ जाड, फुगीर, शेपटीपर्यंत. एफएलची पाठ सडपातळ. बिसची काच उजवीकडे उघडते, पुढचा भाग जागेवर राहतो. एफएलची अख्खी काच एका तुकड्यात पुढच्या बाजूला उचलली जाते. बिसच्या पंखाखाली शस्त्रं लटकवायच्या चार जागा, एफएलच्या दोनच. एफएलला पोटात तोफ नव्हतीच, लागली तर खाली वेगळा पॉड लटकवायचे. तुमच्या मोबाइलवरच्या चित्रात काय आहे ते आधी काकांना दाखवा. काकांच्या हाताखालून गेलेलंच विमान करा, नुसतं मिगसारखं नको.

एफएल 11 डिसेंबर 2013 ला कलाईकुंड्याहूनच निवृत्त झालं. आणि 14 डिसेंबर 1971 ला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर जे मिग गेले तेही एफएलच, 28 स्क्वाड्रनचे. त्या युद्धात घाईघाईने हिरवे-तपकिरी पट्टे ओढले होते पुष्कळांवर, बाकी शांततेच्या काळात उघडा धातूच.

आता तो उघडा धातू कसा आणायचा ते ऐका. चांदीचा रंग कितीही चांगला मारा, रंगच दिसतो. तालुक्याच्या प्रिंटिंग प्रेसमधे ऑफसेटच्या वापरलेल्या प्लेटा भंगारात देतात, किलोवर. शुद्ध ॲल्युमिनियम, जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. शाई रॉकेलने पुसायची. एका प्लेटेचं एक पॅनेल, खऱ्या विमानाला जिथे सांधा असतो तिथेच आपला सांधा. सपाट भागावर ती तशीच बसते, नाकाजवळ आणि पंखाच्या मुळाशी जिथे दोन दिशांनी वळण आहे तिथे मऊ करावी लागते. त्यासाठी अंगाचा साबण कोरडाच प्लेटेवर घासायचा, मागून गॅसची ज्योत फिरवायची, साबण काळपट तपकिरी झाला की थांबायचं, थंड होऊ द्यायचं. मग ती प्लेट बोटांनी कागदासारखी वळते. साबणाला तो रंग येण्याआधी थांबलात तर मऊ होत नाही, पुढे गेलात तर भोक पडतं, तेव्हा दोन-चार तुकडे वाया घालवून हात बसवा. दरवेळी पॉलिशचा हात वेगळ्या दिशेने फिरवा, प्रत्येक पॅनेलची चमक वेगळी दिसली पाहिजे, खऱ्यालाही तशीच असते कारण प्रत्येक पत्रा वेगळ्या शीटमधून आलेला. रिव्हेट इंजेक्शनच्या सुईने गोंदाचे ठिपके देऊन होतात, पण एफएलवर बहुतेक रिव्हेट सपाट, डोकं वर येत नाही, तेव्हा प्लेट लावायच्या आधी बोथट टोकाने हलका दाब दिलात तरी पुरे.

आणि थर्माकोलवर काही करताना एक सांभाळा. पेट्रोल, थिनर, रबर सोल्यूशन, पॉलिएस्टर रेझिन, हे सगळं थर्माकोल खातं. आधी इपॉक्सीचा आणि काचेच्या कापडाचा एक थर द्या, तो पूर्ण वाळू द्या, मगच प्लेट चिकटवायला रबर सोल्यूशन घ्या.


सातपुडा_लेथ (परतवाडा)

ओझरच्या काकाजीले दंडवत. प्लेटाचं मले माईत नव्हतं, मी उद्याच प्रेसवाल्याकडं जातो.

इपॉक्सीचं उन्हाळ्याचं मी सांगतो, हे माह्या अंगावर गेलं हाये. मेमधी डब्यात कालवलं का पाच-सात मिनिटात गरम होऊन दगड होते, म्हून थोडं थोडं कालवाचं, अन् पसरट ताटलीत ओताचं, डब्यात ठेवाचं नाही. अन् मामुली इपॉक्सी जे घरी वाळते ते पन्नास-साठ डिग्रीले मऊ पडते. टिनाखाली दुपारी तेवढं सहज होते. माहा पह्यला पंख मी टिनाच्या शेडमधी दोन खुट्यावर ठेवला, संध्याकाळी पाह्यतो तं मधून झोला पडला, अंगठाभर. म्हून पंख नेहमी सपाट पाटावर, अन् मातीच्या घरात ठेव, तुह्याकडं जुनं माळवद असन तं त्याच्याखाली सगळ्यात चांगलं.

अन् नाकाचा शंकू, कॅनोपीचा साचा, हे लाकडात कोरून घ्या लागतेत. तुमच्याकडं तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी करणारा कारागीर कोणी हाये काय? त्याच्याकडं जा. बैलाच्या मानेचा, वशिंडाचा गोलवा जो माणूस डोळ्यानं काढते त्याले मिगचा शंकू म्हणजे दोन दिवसाचं काम. प्लायचे अर्धगोल फर्मे कापून द्याचे, तो लावून लावून पाह्यते. मी माह्या हरिकेनचं नाक तसंच करून घेतलं, त्यानं पैसे घ्याले नाही म्हटलं, म्हणे पह्यल्यांदा नंदी सोडून काही कोरलं. मी बळंच दिले.

बाहेर उभा करशीन तं खाली लोखंडी अँगलचा सांगाडा धडाच्या आतून काढ अन् सिमेंटच्या ठोकळ्यात बोल्ट मार. आपल्याकडं मे-जूनच्या वावधानात टिनं उडतेत, पावणेदोन मीटरचे पंख काय चीज हाये. पंख निघणारे ठेव, पाइपात पाइप घालून, म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नेता येते.


वैनगंगा_विज्ञान (भंडारा जिल्हा)

ओझरचे काका, तुमची पोस्ट मी मुलांना वाचून दाखवू का? साबण लावून ॲल्युमिनियम मऊ करणं हा आमच्या धड्यातल्या धातूंच्या प्रकरणाला चपखल बसते, साबण काळा होणं म्हणजे आपला थर्मामीटरच झाला. आणि पूर्णाकाठ दादा, फ्लेक्सवर छापताना प्लॅनच्या कोपऱ्यात बरोबर एक मीटरची रेष काढायला सांगा, आडवी एक आणि उभी एक, आणि दुकानातच टेपने मोजा. मशीन बरेचदा थोडं लहान-मोठं छापते आणि आडवं-उभं सारखंही नसते.


ओझर_निवृत्त (नाशिक)

अवश्य वाचा मॅडम. मुलांना सांगा ज्योतीजवळ मोठं माणूस असल्याशिवाय करू नका.


पूर्णाकाठ

आज काकाले चित्र दाखवलं. चष्मा लावून मोबाइल जवळ नेला अन् दोन सेकंदात म्हणतेत, हे 77 नाही, हे बिस हाये, हे पाठ पाय ना कशी सुजलेली हाये. ओझरच्या काकाचा अंदाज तंतोतंत. मंग मी सांगितलं का हे तुमच्यासाठी बनवून राह्यलो, सांगाचं नव्हतं पण तोंडातून निघून गेलं. थोडा वेळ गप्प बसले. मंग पोराच्या वहीचं पान फाडलं अन् पेन्सिलनं काच कशी पुढं उघडते ते काढलं, बिजागरी कुठी, आतून दांडा कुठी, अन् पुढच्या चाकाचा दरवाजा मी तं इचारला बी नव्हता तो बी काढला, तीन बाजूनं. काकू म्हणे दहा वर्षात असे टेबलावर बसले नाही.

त्याइचं म्हणणं असं का 8 ऑक्टोबरची घाई नको, पह्यले पुढचं चाक अन् कॉकपिट कर, ते जमलं तं बाकी पत्राच हाये. चाकाच्या पायाचा तेलाचा दांडा ते स्वतः वळून घेणार हायेत लेथवर, म्हून परतवाड्याच्या दादा, तुमच्याकडं आम्ही दोघं येऊ, हरभरा काढणं झालं का. येताना त्याइचं एक मायक्रोमीटर हाये जुनं, ते बी आणतो म्हणतेत.

एफएलचा प्लॅन नागपूरच्या दादानं पाठवला तो काकानं पास केला, दोन ठिकाणी पेन्सिल मारून. सांजच्याले फ्लेक्सवाल्याकडून छापून आणला, पावणेचार मीटर. मॅडमनं सांगितली ती रेष काढली होती. उभी रेष बरोबर एक मीटर. आडवी मोजली तं 98.6 सेंटिमीटर भरली, म्हणजे पुऱ्या लांबीत पाच सेंटिमीटर विमान आखूड झालं असतं. दुकानात मोजाचं राहून गेलं, घरी येऊन मोजली. उद्या सकाळच्या एसटीनं परत जातो, काका बी येतो म्हणतेत, टेप त्याइनं आताच पिशवीत टाकला.